मोहोरापूर्वींची थंडी

घाटमाथ्यावरील लोक ज्याला हिंवाळा म्हणतात तो आमच्या रत्नागिरीस फारसा येत नाहीं. पुणेकर किंवा नाशिककर पाहुणा मार्गशीर्षांत आमच्याकडे आला म्हणजे अंगावरील गरम बंडी काढून खुंटीला अडकवतो आणि 'तुमच्याकडे थंडी मुळीं नाहींच' असें म्हणून हंसतो. त्याचें म्हणणें खरें आहे; तरी या जिल्ह्यांत थंडीची जेवढी वाट पाहिली जाते तेवढी दुसऱ्या कोठें पाहिली जात असेल असें आम्हांस वाटत नाहीं. दिवाळी झाली कीं कलमवाला पहांटे उठून अंगणांत येतो, अंगाला वारा कसा लागतो तें पाहतो, आणि कांहीं न बोलतां आंत जातो. चार रात्री गारठ्याच्या गेल्या तर त्याच्या घरांत बोलणें वाढतें. उकाडा राहिला तर तें कमी होतें.

याचें कारण येथील मुलांस सांगावयास नकोच, पण हा अंक जिल्ह्याबाहेरही जातो म्हणून सांगतों. हापूसच्या कलमाला मोहोर येण्यासाठीं थंडी लागते. पावसाळ्यानंतर आलेली पालवी जून व्हावी लागते, जमिनींतील ओल कमी व्हावी लागते, आणि नंतर कांहीं दिवस रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरावा लागतो. या अवधींत झाड वाढत नाहीं. नवें पान नाहीं, फूल नाहीं, कांहीं नाहीं. वरवर पाहणाऱ्यास तें झोपलें आहे, किंवा कदाचित् त्याला कीड लागली आहे, असें वाटावें. परंतु फांदीच्या टोकाशीं जें कांहीं ठरावयाचें असतें तें याच दिवसांत ठरतें : पुढचा फुटवा पानांचा कीं फुलांचा. थंडी पडलीच नाहीं तर झाड मजेंत राहतें, त्याला कोंवळी तांबूस पालवी फुटते, पाहणाऱ्याचे डोळे निवतात, आणि त्या वर्षीं आंबा नसतो.

एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांची बाग आमच्या वाटेवर आहे. दोन वर्षांपूर्वीं पौषांत आम्ही तेथें थांबलों असतां शेजारच्या बागेंत मोहोर येऊन कणी धरूं लागलेली आणि यांचीं झाडें मात्र काळींभोर, स्तब्ध. शेजाऱ्यानें कल्टार घातलें होतें. ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं : कल्टार हें एक औषध पावसाळ्यांत झाडाच्या बुंध्याशीं मातींत घालतात, त्यानें पालवीची वाढ आंखडते आणि मोहोर लौकर येतो. आंबा बाजारांत आधीं पोंचला तर भाव चांगला मिळतो, तेव्हां त्यांत गैर असें कांहीं नाहीं. दापोलीच्या कृषि विद्यापीठानेंही त्याचें प्रमाण ठरवून दिलें आहे. आम्ही सहज विचारलें, 'तुम्हीं कां नाहीं घातलें?' वृद्ध गृहस्थ म्हणाले, 'औषध वाईट नाय हो मास्तर. पण दरसाल मापाबाहेर घातलांत तर झाड थकतां. मग त्येका मोहोर आठवत नाय. ह्या वर्साला म्हटलां, ऱ्हांवदे त्येका.'

हें बोलणें एरवीं आम्ही विसरून गेलों असतों. पण त्याच वर्षीं आमच्या हातून एक चूक झाली होती, आणि ती मनांत सलत असल्यामुळें हे शब्द तिच्या शेजारीं जाऊन बसले.

आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलाचे वडील वारले. मासेमारीच्या होडीवर ते तांडेल होते. आयुष्यभर समुद्रावर राहिलेला तो माणूस घरीं, झोपेंत गेला. दिवसवार आटोपून मुलगा पंधराव्या दिवशीं वर्गांत आला. मधल्या सुट्टींत आम्ही त्याला शिक्षकांच्या खोलींत बोलावून घेतलें आणि पाव तास उपदेश केला. आतां तूं घरांतला कर्ता, आईकडे पाहा, धाकट्या बहिणीकडे पाहा, अभ्यासांत मन घाल म्हणजे विसर पडेल, देवानें त्यांना बोलावून घेतलें, त्याच्या मनांत कांहीं योजना असेल. मुलगा प्रत्येक वाक्याला 'होय, मास्तर' म्हणत होता. आम्हांस वाटलें, काम चांगलें झालें. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या प्रार्थनेंत आम्ही त्याचें नांव घेऊन त्याच्यासाठीं प्रार्थनाही केली, आणि तीनचारशें मुलांनीं एकदम मान वळवून त्याच्याकडे पाहिलें.

त्यानंतर तो आमच्यापासून दूर राहूं लागला. वह्या कोऱ्या येऊं लागल्या. महिन्याभरानें आम्हीं त्याला त्याविषयीं विचारलें तेव्हां तो खालीं पाहून म्हणाला, 'मास्तर, देवाला आमच्या बाबांची एवढी काय घाई होती?'

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सुचलें नाहीं हें फार बरें झालें असें आतां वाटतें. कारण तोंवर आम्हीं त्याला जें जें सांगितलें होतें तें त्याच्यासाठीं नसून आमच्यासाठींच होतें. समोर बसलेल्या मुलाचें दुःख आम्हांस पाहवत नव्हतें, आणि तें लौकर संपावें अशी आमची इच्छा होती. यालाच आम्ही त्याचें सांत्वन म्हणत होतों.

या शोकशास्त्रांत आम्ही ख्रिस्ती लोक, आणि त्यांतही आम्ही शाळामास्तर, विशेष कच्चे आहों असें आमचें मत झालें आहे. आम्हांला पुनरुत्थानाची आशा दिलेली आहे. पण तिचा उपयोग आम्ही पुष्कळदां वाट चुकविण्यासाठीं करतों. शुक्रवारच्या वधस्तंभापासून रविवारच्या पहांटेपर्यंत जाण्याची आम्हांला इतकी त्वरा असते कीं मध्यें एक शनिवार होता हें आमच्या ध्यानांतच राहत नाहीं. शुभवर्तमानांत त्या शनिवाराविषयीं जवळजवळ कांहींच सांगितलेलें नाहीं. शिष्यांनीं तो दिवस कसा काढला असेल? त्यांना रविवार ठाऊक नव्हता. ज्याच्यावर दुःख कोसळलें आहे त्याला तो कधींच ठाऊक नसतो. ठाऊक असता तर त्याला दुःखच कशाला म्हणावें?

शास्त्र नीट वाचलें तर त्यांत घाई नाहीं. ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटावयास आले तेव्हां सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले. आमच्या मतें त्या साऱ्या ग्रंथांत त्यांनीं केलेलें शहाणपणाचें काम तेवढेंच. नंतर ते बोलूं लागले आणि सर्व बिघडलें. एलीया जीवाला कंटाळून रानांत झुडपाखालीं आडवा पडला व मरण मागूं लागला, तेव्हां देवदूतानें त्याला उपदेश केला नाहीं. त्यानें त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलें. एलीया तें खाऊन पुन्हां झोंपला. दूतानें त्याला झोंपूं दिलें, आणि दुसऱ्यांदा पुन्हां भाकरच दिली. लाजाराच्या कबरेपाशीं तर पुढें काय व्हावयाचें तें प्रभूला पूर्ण ठाऊक होतें, तरी त्यानें आधीं अश्रु ढाळले.

आमच्या शेजारच्या हिंदु व मुसलमान बंधूंनीं ही गोष्ट आमच्यापेक्षां चांगली सांभाळली आहे. ज्या घरांत मृत्यु झाला तेथें चूल पेटत नाहीं. शेजारचीं माणसें पिठलेंभात किंवा जें कांहीं घरांत असेल तें आणून वाढतात, आणि खा म्हणून दोनदां सांगण्यापलीकडे कांहीं बोलत नाहींत. परंतु हीही रीत तेराव्या दिवसापर्यंत, किंवा मुसलमानांच्या घरीं तीन दिवसांपर्यंतच चालते. पुढें पाहुणे एस्टीनें आपापल्या गांवीं परततात. खरी थंडी पडते ती त्यानंतर. चौदाव्या दिवशीं त्या घरीं कोण जातें, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

या ठिकाणीं आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. त्यांचे पति रेव्हरंड नारायण वामन टिळक हे याच जिल्ह्यांतील, दापोलीकडील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या वेळीं लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्या आंतल्या, पदरीं तीनचार वर्षांचा मुलगा, शाळेचें तोंड न पाहिलेल्या. जें अक्षरज्ञान होतें तें पतीनेंच दिलेलें. नवरा जिवंत असतां तो गेला, आणि सौभाग्य राहिलें असतां संसार गेला. मरण आलें तर त्याला समाजानें विधि तरी लावून दिले आहेत. या दुःखाला विधि नव्हता कीं नांव नव्हतें. पुढें जवळजवळ पांच वर्षें त्यांनीं नातलगांच्या आधारानें काढलीं.

आमच्या समाजांत लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगतांना ती बहुधा १८९५ पासून एकदम १९०० सालांतील त्यांच्या बाप्तिस्म्यावर उडी मारते. आम्हांस मधलीं वर्षें अधिक मोलाचीं वाटतात. त्या काळीं त्यांच्या मनांत पतीविषयीं राग होता, ओढ होती, धर्मबुडवेपणाची भीति होती, आणि ह्या सर्व गोष्टी एकाच वेळीं होत्या. नातलगांनीं त्यांना आसरा दिला. टिळकांचीं पत्रें येत राहिलीं. पुढें त्या अहमदनगरास गेल्या तरी प्रथम बिऱ्हाड वेगळें, चूल वेगळी, सोंवळेंओंवळें पूर्ववत्. टिळक स्वभावानें उतावळे. एक गोष्ट मनांत आली कीं ती त्याच क्षणीं करावयाची अशा जातीचे. परंतु पत्नीच्या धर्माच्या बाबतींत त्यांनीं जबरदस्ती केली नाहीं. त्या उतावळ्या माणसाच्या साऱ्या आयुष्यांत ही वाट पाहणें आम्हांस त्याच्या कवितेइतकेंच थोर वाटतें. जातिभेद माणसानें केला आहे, देवानें नव्हे, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनांत आला तो कोणाच्या व्याख्यानानें आला नाहीं. त्यांचा त्यांना, त्यांच्या वेळीं आला.

दुसरी थंडी याहून लांबली. बालकवि ठोंबरे हे नगरास टिळकांच्या घरीं मुलासारखे राहिलेले. ते ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं गेले. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनीं, ९ मे १९१९ रोजीं, टिळक वारले. लक्ष्मीबाईंचें वय तेव्हां पन्नाशीच्या घरांत. पुढें कराचीस मुलाकडे, नंतर नाशिकास, असे दिवस गेले. 'स्मृतिचित्रें' चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो १९३४ सालीं, म्हणजे पतिनिधनानंतर पंधरा वर्षांनीं. तें पुस्तक ज्यानें वाचलें असेल त्याला ठाऊक आहे कीं त्यांत दुःखाच्या जागीं बाई आपल्याला हंसवितात. असें हंसूं पंधराव्या दिवशीं येत नाहीं, पंधराव्या वर्षीं येतें. टिळकांनीं आरंभिलेल्या 'ख्रिस्तायन' काव्याचे सुमारें अकरा अध्याय त्यांच्या हातून झाले होते. उरलेल्यांपैकीं बहुतेक सर्व लक्ष्मीबाईंनीं लिहिले. १९३६ त त्या गेल्या आणि ग्रंथ त्यानंतर, १९३८ सालीं, बाहेर पडला. १९१९ सालीं त्यांच्या दाराशीं जाऊन कोणी म्हणालें असतें कीं 'बाई, रडूं नका, यांतून एक अमर ग्रंथ निर्माण होणार आहे', तर तो खरें बोलला असता, आणि तरीही त्याला घराबाहेर काढणेंच योग्य झालें असतें.

आमचें म्हणणें एवढेंच आहे. गारठ्याच्या दिवसांत कलमाला आशा नसते. आशा कलमवाल्याला असते. दुःखितानें आशावादी असावें ही अपेक्षा करणें म्हणजे झाडानेंच पंचांग पाहावें असें म्हणण्यासारखें आहे. त्या दिवसांत त्याच्यातर्फें आशा दुसऱ्या कोणीं तरी धरून ठेवावी लागते, आणि तीही फारसें न बोलतां. उंबरठ्यावरून तिची घोषणा करूं नये.

या कसोटीवर आमच्या गांवांतील एक इमारत पाहावी. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला, जांभ्या दगडाचा आणि ब्रह्मी सागवानाचा थिबा राजाचा वाडा आमच्या मुलांनीं सहलींत पाहिलेला असतो. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८५ च्या नोव्हेंबरांत पदच्युत झाला, १८८६ च्या एप्रिलांत रत्नागिरीस आणला गेला, आणि १९१६ च्या डिसेंबरांत येथेंच वारला. तीस वर्षें! वाडा पुरा झाला तो १९१० सालीं. सरकारनें राजाला तनखा दिला, पहारा दिला, शेवटीं वाडाही दिला. काम मात्र दिलें नाहीं, आणि परत जाण्याची आशा तर नाहींच. लहानपणीं आम्हांस त्या वाड्याच्या गॅलरीचा हेवा वाटे. आतां तेथें उभें राहिलें म्हणजे समोरचें सुंदर पाणी पाहून जीव घाबरतो.

त्याच सुमारास एक विलक्षण अदलाबदल घडली होती. ज्या मंडालेंत थिबाचें राज्य होतें त्याच मंडालेच्या तुरुंगांत आमच्या रत्नागिरींत १८५६ सालीं जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत कैदेंत होते. मंडालेचा राजा रत्नागिरीस, रत्नागिरीचा मुलगा मंडालेस! राजा नव्या वाड्यांत राहावयास आला त्याच १९१० सालच्या हिंवाळ्यांत टिळक लांकडी कोठडींत बसून शिसपेन्सिलीनें 'गीतारहस्य' लिहीत होते. १९१२ सालीं त्यांची पत्नी सत्यभामाबाई वारल्याची वार्ता त्यांना तेथेंच पोंचली. ही जोडी दाखवून राजाला आळशी आणि लोकमान्यांना उद्योगी ठरविणें अगदीं सोपें आहे, आणि आम्हीही वर्गांत पूर्वीं तसेंच करीत असूं. पण तें न्यायाचें नाहीं. लोकमान्यांपाशीं ग्रंथ होते, मुदत ठरलेली होती, आणि समुद्रापलीकडे सारें राष्ट्र त्यांची वाट पाहत होतें. राजाची वाट कोण पाहत होतें? आपल्या वतीनें ज्याची आशा कोणीच धरून ठेवलेली नाहीं त्याला उद्योग कसा सुचावा? त्याच्या वंशांतील एक नात मात्र पुढें या गांवांतच राहिली, तिनें येथेंच संसार केला, ती आमच्यासारखीच मराठी बोलली आणि येथेंच वारली. राजाला जें साधलें नाहीं तें तिला साधलें. पण तिला वाडा नव्हता आणि कामाला अंत नव्हता.

बागाईतदार आणखी एक गोष्ट सांगतात, ती येथें लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. थंडी हवी, पण ती मापाबाहेर लांबली तर आधींच्या मोहोराला धरलेली कणी असतांनाच पुन्हां नवा मोहोर येतो, आणि सारा जोर तिकडे जाऊन धरलेलें फळ गळून पडतें. तेव्हां सगळीच थंडी पोषक असा आमचा सिद्धान्त नाहीं. मनुष्याचें मन कित्येकदां दुःखानें नव्हे तर आजारानें अंधारतें, किंवा दुःखाचाच पुढें आजार होतो. झोंप महिनोन्महिने उडाली, अन्नावरची वासना गेली, आपण नसतों तर बरें असें मुलगा वारंवार बोलूं लागला, तर तेथें 'थांबूं द्या' म्हणणें हा घोर अपराध आहे. तेथें वैद्य पाहिजे, आणि त्वरित पाहिजे. आमच्या गांवचें मनोरुग्णालय १८८६ सालचें, म्हणजे थिबा राजा आला त्याच वर्षीचें आहे. इतक्या वर्षांत आपण त्याचा उपयोग अधिक कशासाठीं केला असेल तर थट्टेसाठीं! एखादा मुलगा जरा विक्षिप्त वागला कीं त्या इमारतीचें नांव घेऊन वर्गांत हंशा पिकतो. हा हंसा ऐकून किती मुलांनीं आपलें दुःख गिळलें असेल याचा विचार आम्हीं शिक्षकांनीं तरी करावयास हवा होता. २०२२ पासून सरकारनें 'टेली-मानस' या नांवाची दूरध्वनीची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें, आणि तें मराठींतही. हा आंकडा आम्हीं आमच्या वर्गाच्या फळ्याशेजारीं लावला आहे. कोणी हंसलें तर हंसो.

मृत्यूखेरीज दुसरेंही शोक असतात. मॅट्रिक म्हणजे आतांची दहावी नापास झालेला मुलगा. मुंबईस नोकरीसाठीं निघालेला आणि एस्टीच्या खिडकींतून मागें न पाहणारा मोठा भाऊ. वसतिगृहांत नव्यानें आलेली, रात्रीं उशींत तोंड खुपसून रडणारी पांचवींतली मुलगी. यांचीं दुःखें लहान आहेत असें मोठ्यांना वाटतें. आमच्या अनुभवानें लहान दुःख असा प्रकार नाहीं. लहान माणसें असतात, आणि त्यांना तेंच पुरेसें असतें.

त्या मुलाचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. तो घरीं राहवेना म्हणून शाळा भरण्याच्या पुष्कळ आधीं येऊन पायऱ्यांवर बसूं लागला होता. आम्हीं तें पाहिलें नव्हतें. आमच्या शिपायानें पाहिलें. हा गृहस्थ निवृत्तीला आलेला, चार शब्दांचा धनी. त्यानें एके दिवशीं मुलाच्या हातीं किल्ल्यांचा जुडगा दिला आणि म्हटलें, 'वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडून ये.' दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. मग रोज. खिडक्या झाल्या कीं दोघे जिन्यांत बसून थर्मासच्या झांकणांतून चहा घेत, आणि घंटा झाली कीं मुलगा वर्गांत जाई. शिमग्याच्या सुमारास एके सकाळीं नकाशांच्या कपाटांत पारव्यानें घरटें केलेलें सांपडलें. हिंदुस्थानच्या नकाशावर अंडें घातलें होतें. तेव्हां तो मुलगा मोठ्यानें हंसला, तें खालीं आम्हांस ऐकूं आलें.

आम्हीं नंतर शिपायाला विचारलें, 'तूं त्याला काय सांगितलेंस?' आम्हांस खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. टिपून ठेवावें अशी इच्छा होती. तो म्हणाला, 'काय सांगणार, मास्तर? खिडक्या अठ्ठेचाळीस हायत.'

बराच वेळानें, जणूं कांहीं वेगळी गोष्ट असावी तशी, त्यानें सांगितलें कीं त्याचा स्वतःचा बाप गेला तेव्हां तो सहावींत होता, आणि शाळा तेथेंच सुटली.

मुलगा आतां दहावींत आहे. गणितांत कच्चाच आहे. त्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांजवळ अद्याप नाहीं, आणि हें आम्हीं त्याला सांगितलें. तो 'बरं' म्हणाला, 'होय, मास्तर' म्हणाला नाहीं. शिपाई गेल्या मे महिन्यांत निवृत्त झाला. खिडक्या अजून हाच मुलगा उघडतो, फक्त यंदा त्याच्याबरोबर आठवींतला एक नवा मुलगा असतो. तो कोण, त्याच्या घरीं काय झालें, हें आम्हांस ठाऊक आहे. पण किल्ल्या त्याच्या हातीं कोणी दिल्या तें आम्हीं विचारलें नाहीं.

बागेकडे काल जाऊन आलों. थंडी अजून पडलेली नाहीं. वृद्ध गृहस्थ अंगणांत उभे होते.